शेवटचं नीट कधी चाललं होतं?

बसा. घाई नाही. बाहेर पाऊस लागलाय, लाइट येऊन-जाऊन आहे, आणि अशा दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही. तुमच्यासमोर एक टेबल आहे असं समजा. टेबलावर निळी रबरी मॅट, डाव्या हाताला स्क्रू ठेवायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची तीन झाकणं, वर लोंबणारा एक दिवा. मॅटवर एक बंद पडलेला कॉम्प्युटर. घरचा असेल, ऑफिसातला असेल, मुलाच्या दहावीनंतर हप्त्यावर घेतलेला असेल. कुठलाही चालेल.

आता काहीच करू नका.

बटण दाबून पाहायची इच्छा होईल. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण मशीन टेबलावर ठेवल्या ठेवल्या तेच करतो. घरी दहा वेळा दाबून झालेलं असतं, तरी अकराव्यांदा. इथली वीज वेगळी असेल, इथल्या बोर्डाचा हातगुण असेल, असं काहीसं वाटत असावं. तुमचंही बोट तिकडे जाईल. जाऊ दे. पण दाबू नका. परत आणा आणि हात मांडीवर ठेवा.

मी हे काम बावीस वर्षं करतोय. कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स मशीन, यूपीएस, मधली काही वर्षं फॅक्स. लोक 'कॉम्प्युटरवाला' म्हणतात. 'डॉक्टर' म्हणणारेही भेटतात, पण बिल हातात पडल्यावर ते पुन्हा म्हणत नाहीत.

पूर्वी मी गिऱ्हाइकाला आधी विचारायचो, "काय झालं?" उत्तर ठरलेलं: "काही नाही हो दादा, आपोआप बंद पडलं." "काहीतरी केलं असेल ना?" म्हटलं की माणूस अंग चोरतो. मुलगा आईकडे बघतो, क्लार्क साहेबांकडे बघतो, आणि जे काय झालेलं असतं ते तिथल्या तिथे गाडलं जातं. नंतर कीबोर्ड उघडला की चहाची साखर चिकटलेली दिसते. तोवर माझा अर्धा दिवस गेलेला असतो.

मला शिकवणाऱ्या माणसानं वेगळा प्रश्न दिला. शेवटचं नीट कधी चाललं होतं?

या प्रश्नात कोणावर आळ नाही. माणूस मागे जातो, डोळे जरा वर जातात. "काल दुपारी तर मी ह्याच्यावर सातबारा काढला." मग? "मग लाइट गेली. आली. परत गेली." मग? "मग संध्याकाळी ह्यांनी टेबल खिडकीकडे सरकवलं, उजेड यावा म्हणून." बघा, टेबल सरकवलं. केबल ताणली असेल, प्लग अर्धा निघाला असेल, खिडकीतून पावसाची झड आली असेल. बिघाड काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, आणि त्यानं सांगूही नये. नीट होतं ते मात्र त्याच्याएवढं कोणालाच माहीत नसतं.

तुम्हीही आता तेवढंच करा. समोरचं यंत्र शेवटचं नीट चाललं तो दिवस आठवा. वार कोणता होता, काय छापलंत, पाठीमागून कोण हाक मारत होतं, पंखा चालू होता का. लगेच आठवणार नाही. नीट चाललेल्या दिवसांची आपण नोंद ठेवत नाही. थांबा थोडं, मी तोवर चहा सांगतो.

तो प्रश्न देणारा माणूस मूळचा टाइपरायटरचा. गोदरेजनं १९५५ साली टाइपरायटर बनवायला घेतले, आणि पुढची कितीतरी वर्षं कोर्ट, कचेऱ्या आणि टायपिंग क्लास यांच्या जिवावर त्याच्यासारख्या मेकॅनिकांची घरं चालली. त्याचा कान विलक्षण होता. टायपिंग क्लासच्या बाहेर कट्ट्यावर बसून तो आत टकटकणाऱ्या वीस मशीनांतून सांगायचा, "खिडकीजवळच्या मशीनची एक पट्टी मागे येताना अडकतेय." आत जाऊन बघावं तर खरंच अडकत असायची. मशीन खोलताना तो शेजारी वर्तमानपत्र पसरायचा, त्यावर पेन्सिलीनं मशीनचं ढोबळ चित्र काढायचा, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रातल्या त्याच जागी ठेवायचा. मी औषधाची झाकणं वापरतो ती त्याची आळशी आवृत्ती.

टाइपरायटर कचेऱ्यांतून गेले तेव्हा मी त्याला पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडून दाखवला. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "ह्यात हलत काहीच नाही. ऐकायचं काय?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आज आलं असतं असंही ठामपणे सांगवत नाही, पण प्रयत्न करू.

यंत्राची मागची वायर काढली आहे ना? भिंतीचा स्विच बंद, वायर बाजूला. तरी अजून उघडायचं नाही. वायर काढली म्हणजे वीज गेली, असं नसतं. पॉवर सप्लायच्या डब्यात, आम्ही ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यात, बोटभर उंचीचे कपॅसिटर असतात. घरातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर त्यांच्यात ३२५ व्होल्टच्या आसपास साठते, आणि वायर काढल्यावरही काही काळ ती आत राहू शकते. जुन्या पोटवाल्या मॉनिटरमध्ये तर काचेच्या नळीवर २० ते २५ हजार व्होल्ट असायचे. रात्री बंद केलेला मॉनिटर सकाळी हाताला झटका द्यायचा. मी एकदा खाल्लाय. खांद्यापर्यंत हात बधिर झाला, आणि मला आठवतंय की मी त्या मॉनिटरवर मनापासून रागावलो होतो. त्यानं काही केलं नव्हतं. त्याच्यात कालचं होतं, एवढंच.

तेव्हा बसून राहा. आतलं उतरू दे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. या वेळात करायला काही नसतं, आणि नव्या पोरांना नेमका याच वेळाचा कंटाळा येतो. ती मोबाइल काढतात. मी पाऊस बघतो. पत्र्यावरचा पाऊस, पन्हळीतून बादलीत पडणारा पाऊस, समोरच्या मेडिकलच्या ताडपत्रीवर साठून एकदम कोसळणारा पाऊस, तिन्हींचे आवाज वेगळे. ऐका.

आता हात पुढे करा आणि कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला तळवा लावा. थंड लागेल. हा काही नमस्कार नाही, कामाचा भाग आहे. चालता-बोलता आपल्या अंगावर स्थिर वीज साठते. ३,००० व्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय ती आपल्याला जाणवतही नाही, आणि चिपला त्याच्या दहाव्या हिश्शानंही इजा होऊ शकते. आपल्या बोटात काही आहे हे आपल्याला कळत नाही, ते फक्त चिपला कळतं. म्हणून आधी पत्र्याला हात लावायचा, आपल्या अंगावरची वीज आणि त्याच्या अंगावरची वीज एका पातळीवर आणायची, आणि मग आत जायचं. कोकणातल्या दमट हवेत याची भीती कमी असते. नागपूरकडच्या कोरड्या थंडीत काम करणारे यात जास्त काटेकोर असतात, असावंच लागतं. मला सवय लागली आहे. आता घरी फ्रीज उघडण्याआधीही मी दाराला तळवा लावतो आणि बायको हसते.

स्क्रू काढा. एक, दोन. झाकणात ठेवा. बाजूचा पत्रा मागे सरकवा, सुटेल.

आत धूळ असेल. पंख्याच्या पात्यांवर करडी लोकर, तळाशी झुरळाची पिलं, कधी एक वाळलेली पाल. ब्लोअर अजून मारू नका. नुसतं पाहा. आणि पाहताना बिघाड शोधू नका. हे अवघड आहे, कारण आपण त्यासाठीच तर उघडलंय. पण जळका डाग, फुगलेला कपॅसिटर, सुटलेली वायर असं काही शोधायला लागलं की डोळा तिथेच अडकतो आणि बाकीचं दिसेनासं होतं. मी पोरांना सांगतो, आधी नीट काय आहे ते मोज. पंखा हातानं फिरतोय? नीट. कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत? नीट. प्रोसेसरच्या भोवती गंज नाही? नीट. बंद पडलेल्या मशीनमध्ये शेकडो भाग असतात आणि बहुतेक वेळा त्यातला एखादाच गेलेला असतो. बाकीचे सगळे शाबूत, आपापल्या जागी, काम करायला तयार. पण गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्द एकच: 'बंद.' आम्हा लोकांच्या तोंडी त्याहून वाईट: 'डेड.'

मग एकेक काढायला सुरुवात करायची. हार्डडिस्कची वायर काढा. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याची. जादा कार्ड असतील ती. मागचे यूएसबीचे गुंते. रॅमच्या दोन्ही पट्ट्या, दोन्ही बाजूंच्या क्लिपा मागे ढकलून, सरळ वर. प्रत्येक गोष्ट मॅटवर ठेवताना तिचं नाव मनात घ्या. शेवटी आत राहतील एसएमपीएस, बोर्ड आणि बोर्डावरचा प्रोसेसर. यापेक्षा कमी करता येत नाही. नाही, येतं. बोर्डाची मोठी पिन काढून तिच्यातली हिरवी वायर काळीला टोचली की एसएमपीएस एकटाच सुरू होतो, कोणाच्याही हुकमाशिवाय. पंखा फिरला की मल्टिमीटर लावायचा: पिवळीवर १२, लालवर ५, केशरीवर ३.३. आले आकडे? मग हा शाबूत. बाजूला ठेवा मनात.

आता त्याला परत बोर्डाला जोडा आणि रॅम नसतानाच चालू करा. हो, आता बटण दाबायचं. ज्या बटणावरून तुमचं बोट मघाशी मागे आणलं, तेच.

बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर तो ओरडतो. लांबलचक बीप, थांबतो, पुन्हा बीप. नवा माणूस घाबरतो. मला मात्र या कामात यापेक्षा गोड आवाज माहीत नाही. रॅम नाही म्हणून बोर्ड तक्रार करतोय, म्हणजे बोर्ड जागा आहे, प्रोसेसर जागा आहे, आपल्याकडे काय नाही हे त्यांना कळतंय. पंखा फिरतो, पण हाक मारली तर ओ येत नाही, अशा मशीनची मला खरी धास्ती वाटते. आमच्या त्या म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं, ऐकायचं ते हे.

मग एक रॅम परत. तिच्या खालच्या सोनेरी दातांवर खारट दमट हवेनं काळपट थर धरलेला असतो. आमच्याकडे सगळे खोडरबर घासतात. मी कापूस आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतो. रबरानं मळाबरोबर सोन्याचा मुलामाही जातो आणि वर्षभरानं तेच मशीन परत येतं. येणं धंद्याला बरं, असं म्हणणारे आहेत. पट्टी खोबणीत बसवा, दोन्ही टोकं एकदम दाबा. टक असा आवाज दोनदा येईल. चालू करा. पडद्यावर अक्षरं आली तर पुढची वस्तू जोडा. एका वेळी एकच. दोन जोडल्या आणि बंद पडलं तर कोणामुळे, ते कळत नाही.

अशा वेळी कधी कधी सगळं परत जोडून होतं आणि मशीन चालू असतं. काही बदललेलं नसतं, फक्त काढलं, पुसलं, बसवलं. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं पुसलं, त्याचे तीनशे?" मला अजून यावर धड उत्तर सुचलेलं नाही. दोनशे घेतो.

जरा मान मोकळी करा. हे मशीन असंच उघडं राहू दे, आपण दुसऱ्या एका वाटेनं जाऊन येऊ.

समजा तुम्ही कागद आहात. ए-फोर, ७५ जीएसएम, ५००च्या गठ्ठ्यातले सगळ्यात वरचे. लेझर प्रिंटरच्या ट्रेमध्ये अंधार आहे. वरून एक रबरी रोलर अर्धा वळतो, तुमच्या पाठीला चिकटतो आणि पुढे ओढतो. खालचा भाऊ तुमचा शर्ट धरून यायला बघतो. एक खरखरीत पॅड त्याला मागे अडवतो. पुढे दोन रोलरांच्या तोंडाशी क्षणभर थांबावं लागतं. तिथे प्रत्येक जण थांबतो, वाकडा आला असेल तर सरळ होतो. मग आत. डोक्यावर ड्रम फिरतोय. त्याच्या अंगावर अक्षरं आधीच उमटलेली आहेत, पण कोणाला दिसणार नाहीत. नुसता विजेचा भार, लेझर जिथे पडला तिथे कमी, बाकी जास्त. काळी पूड येते आणि त्या न दिसणाऱ्या अक्षरांवर नेमकी बसते. खालून ओढ लागते, पूड ड्रम सोडून तुमच्यावर उतरते. अजून काही पक्कं नाही. या घडीला कोणी फुंकर मारली तर अक्षर उडून जाईल. आणि लगेच फ्यूजर: २०० अंशांच्या आसपासची धग, एक निमिष, पूड वितळून तुमच्यात मुरते. बाहेर या. गरम आहात, थोडे वाकलेले.

ही न दिसणाऱ्या अक्षरांची युक्ती पहिल्यांदा साधली २२ ऑक्टोबर १९३८ला, न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत. चेस्टर कार्लसन हा एका कंपनीत पेटंटचं काम बघणारा माणूस, कागदपत्रांच्या नकला करून करून हात दुखलेला. त्यानं आणि त्याच्या मदतनीसानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला, त्यावर ती तारीख आणि 'अस्टोरिया' असं लिहिलेली काच ठेवली, दिव्याचा उजेड पाडला, वर पूड भुरभुरली. अक्षरं उमटली. ऑफिसात बटण दाबून साध्या कागदावर नक्कल काढणारं झेरॉक्स ९१४ बाजारात यायला त्यानंतर २१ वर्षं लागली. आणि आपल्याकडे नकलेलाच झेरॉक्स म्हणायला लागले. रुमालानं पत्रा घासणारा तो माणूस मला कायम आपल्यातला वाटतो. सामान पाहा त्याचं: काच, गंधक, रुमाल. आमच्या म्हाताऱ्याच्या पेटीत याहून भारी हत्यारं होती.

कागदाचा हा प्रवास मी पेपर जॅम काढताना मनातल्या मनात करतो. कागद कुठवर पोचला होता? कोण त्याला नीट पुढे देत होतं, आणि कोणापाशी तो अडला? पूड बसलेली, पण बोटानं पुसली जातेय, तर फ्यूजरपर्यंत सगळे शाबूत. कोराच अडकला, तर अजून ड्रमपर्यंत गेलाच नव्हता. कोकणात जून ते सप्टेंबर बऱ्याचदा सगळंच शाबूत निघतं आणि दोष कागदाचा असतो. उघड्या गठ्ठ्यानं हवेतली ओल पिलेली असते. ओला कागद विजेचा भार धरत नाही, पूड फिकी उतरते, फ्यूजरच्या धगीनं तो सुरळी होतो. गिऱ्हाईक म्हणतं प्रिंटर बदलू. मी म्हणतो गठ्ठा बदला, आणि उघडलेला गठ्ठा पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. एकदा एका कार्यालयात दसऱ्यानंतर प्रिंटर कुरकुरायला लागला. खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली होती, हळद-कुंकू, फूल, अक्षता. फूल वरच्या फटीत वाहिलं होतं. मी झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं एकेक काढल्या आणि मॅडमच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, कुंडीत टाकल्या.

आता परत उघड्या मशीनपाशी या. आणि जरा कठीण जागी बसू.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. २००५चा पूर पाहिलेले आम्ही, त्या खुणेच्या हिशेबानं सामान वर चढवलं होतं. माझ्या दुकानात तरी तो हिशेब चुकला. पाणी ओसरल्यावर लाल चिखल, त्याचा वास, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांतून बाहेर टाकलेल्या गाद्या, पोती, फायली. चौथ्या दिवसापासून माझ्याकडे मशीनं यायला लागली. हातगाडीवरून, स्कूटरच्या पायाशी ठेवून, एक तर डोक्यावरून. दुकान चिखलातच होतं, म्हणून चुलत्यांच्या ओसरीत चटई टाकली.

पाण्यानं बोर्ड लगेच मरत नाही. लोकांना हे पटत नाही. ओला असताना त्याच्यातून वीज गेली की तो मरतो, नाहीतर चिखल आणि गंज त्याला हळूहळू खातात. म्हणून पहिलं काम, चालू करून बघायचं नाही. दुसरं, बोर्डावरचा सेल काढायचा. सीआर २०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप. भिंतीची वीज गेली तरी ही चकती तिचे ३ व्होल्ट देत राहते. एरवी तेवढ्यावर मशीनचं घड्याळ चालतं. ओल्या बोर्डावर तेवढ्यावरच तांबं हिरवं पडायला लागतं. सेल काढला की घड्याळ थांबतं. मग बोर्ड पाण्यानंच धुवायचा. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, मग आयपीए, मग वाळवायचं. जुलैमध्ये चिपळुणात काही वाळवायचं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वीज आली की टेबलफॅन, नाही आली की नुसतं टांगून ठेवायचं. चुलत्यांच्या ओसरीत दोरीवर चादरींच्या शेजारी मदरबोर्ड टांगलेले होते.

हार्डडिस्कचं उलट. ती हवाबंद असते असा समज आहे. साध्या हार्डडिस्कला सुईच्या टोकाएवढं श्वासाचं भोक असतं, आणि ते झाकू नका असं तिच्यावर छापलेलं असतं. त्या भोकातून चिखल आत गेलेला असला तर तिला वाळवायची नाही. वाळला की गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ओल्या फडक्यात, पिशवीत बंद करून, तशीच डेटा काढणाऱ्या लॅबकडे पाठवायची. एकाच डब्यातल्या दोन वस्तू, एकीला वाळवा, दुसरीला ओली ठेवा. लोकांना वाटायचं मी गोंधळलोय.

लग्नपत्रिका छापणारा एक जण आला. त्यानं लाइट आल्या आल्या मशीन चालू केलं होतं. फट्, वास, संपलं. चौदा वर्षांच्या पत्रिका होत्या त्यात, श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या. गणपतीच्या कडा, मुंडावळ्यांच्या चौकटी, निम्म्या गावाच्या कुळांची नावं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, मीच मारलं." पतसंस्थेतला एक कारकून मात्र शहाणा, त्यानं बटणाला हात लावला नव्हता; मशीन आडवं धरून पाणी निथळून आणलं होतं. सोयीची गोष्ट अशी असती की कारकुनाचं वाचलं आणि पत्रिकावाल्याचं गेलं. तसं झालं नाही. कारकुनाचा बोर्ड धुतला, पाच दिवस टांगला, आणि तो उठला नाही. गंज आधीच चिपच्या खाली शिरला होता. धीर धरला म्हणजे वाचतंच असं काही या कामात नाही.

पत्रिकावाल्याला मी तोच प्रश्न विचारला, दुसरं काय विचारणार. शेवटचं नीट कधी होतं? तो म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, पूर्वी एकदा डिस्क भरली म्हणून तुम्हीच नवी घातलीत, जुनी मला परत दिलीत. ती कुठाय? तो उठून गेला. संध्याकाळी आला तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावलेली ती डिस्क होती. बायकोनं माळ्यावर पितळेच्या भांड्यांत टाकली होती. मी जोडली. ती फिरायला लागली, मिनिटाला ७,२०० फेऱ्या, तो एकसुरी बारीक आवाज. आम्ही दोघं ऐकत बसलो. २०१८पर्यंतचं सगळं होतं. पुढची तीन वर्षं नव्हती. त्यानं फोल्डर उघडले आणि एकेक पत्रिका वाचायला लागला, मोठ्यानं, नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. मी थांबवलं नाही. दुसऱ्याच्या मशीनमध्ये काय आहे ते मी वाचत नाही, कामापुरतं एक फाइल उघडून बघतो आणि बंद करतो. त्या दिवशी मात्र तोच वाचून दाखवत होता.

त्या महिन्यात मी धुतलेल्यांपैकी किती उठले ते मी मोजलं नाही. जो उठला तो उठला. त्यातल्या एकाची मात्र आठवण आहे. तीन आठवडे टांगलेला बोर्ड, नवा सेल, एक रॅम, बटण. बीप. पडदा उजळला आणि त्यानं कोपऱ्यात तारीख दाखवली: १ जानेवारी २००९. सेल काढून घड्याळ थांबलं की बोर्ड कारखान्यानं दिलेल्या पहिल्या दिवसावर जातो. त्याच्या लेखी पूर आलाच नव्हता. चिखल नाही, ओसरी नाही, दोरी नाही. मी जरा वेळ तसंच राहू दिलं त्याला.

तुमचं मशीन समोर उघडं आहे. सगळं परत जागेवर बसवलंय, एकेक करून. नवा सेल घातलाय, पत्रा अजून लावायचा आहे. बटण दाबा. पंखा एकदम जोरात फिरेल, मग शांत होईल. पडदा काळा राहील, थोडा जास्तच वेळ. राहू दे. आता उजळेल आणि त्यावर एखादं जुनंच साल दिसेल. सेलच्या शेजारी तांदळाएवढा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरायला लागलाय. वेळ मोजायची तयारी त्याची आहे, पण कुठून मोजायचं ते त्याला माहीत नाही. ते आपण सांगायचं.

बाण खाली आणा. तारखेवर थांबा. आज कोणता वार आहे? बाहेर पाऊस कमी झालाय का? महिना टाका. दिवस टाका. वर्ष. मग तास, मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, तुम्ही मोबाइल बघा.

एंटर.